‘वाचतो’ म्हणजे अभ्यास करतो

विद्यार्थी अवांतर वाचत नाहीत, या तक्रारीवर आपल्याकडे दोन ठरलेली उत्तरे असतात: मोबाईल आणि पालकांची उदासीनता. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या वाचनालयांत व शाळांत बसून मी जे पाहतो, त्यावरून मला ती अपुरी वाटतात. एटापल्ली तालुक्यातल्या आतल्या गावांत मोबाईलला धड रेंज नसते, आणि तिथेही मूल आपणहून पुस्तक हाती घेत नाही.

मुलांना गोष्टीची गोडी उरली नाही, हे तर इथे मुळीच खरे नाही. दिवाळीनंतर मंडई भरू लागल्या की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या व्यवसायाचे केंद्र. नाटक रात्री सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते. थंडीत चादर गुंडाळून शाळकरी पोरे शेवटच्या अंकापर्यंत जागी असतात. या रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्यांना हे जग कळले. इथल्या मुलाला ते जन्मापासून ठाऊक आहे. भूक आहे, पण ती पुस्तकापर्यंत का जात नाही?

एका शब्दापासून सुरुवात करतो. आमच्याकडे पदवी झालेल्या पोराला ‘सध्या काय करतोस?’ विचारले तर तो म्हणतो, ‘वाचतो.’ म्हणजे पोलीस भरतीचा अभ्यास करतो. तालुक्याच्या अभ्यासिकेत सकाळपासून खुर्च्या भरलेल्या असतात, पण टेबलावर सामान्यज्ञान, अंकगणित आणि जुन्या प्रश्नपत्रिका. याला मी नावे ठेवणार नाही. शेती पावसावर आणि कारखाने मोजके, अशा मुलखात सरकारी नोकरी हा घर सावरण्याचा मार्ग आहे. मात्र पाचवीपासून भरतीपर्यंत ज्याच्यापुढे प्रश्नाशिवाय एकही पान आले नाही, त्याला पानाचा दुसरा उपयोग कसा सुचावा? एका शिक्षकाने सातवीच्या वर्गात रोज पंधरा मिनिटे गोष्ट मोठ्याने वाचायला घेतली. तिसऱ्या दिवशी एका मुलाने विचारले, ‘गुरुजी, याच्यावर प्रश्न कधी देणार?’ फ्रेंच शिक्षक-कादंबरीकार डॅनियल पेनॅक यांनी 1992 साली वाचकाचे दहा हक्क लिहिले. पहिला हक्क न वाचण्याचा, दुसरा पाने गाळण्याचा. आमच्या वर्गात पान गाळले तर गुण जातात.

दुसरी अडचण भाषेची, आणि ती अधिक खोल आहे. आनंदासाठी वाचायचे तर अक्षरांवरून डोळा सहज सरकला पाहिजे. ‘असर’च्या 2023 च्या अहवालात देशातल्या 14 ते 18 वयोगटातील सुमारे 25 टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूरही आपल्या प्रादेशिक भाषेत सफाईने वाचता आला नाही. आमच्याकडे ती ‘आपली’ भाषा पुष्कळदा घरची नसतेच. भामरागडच्या मुलाच्या घरी माडिया बोलतात. मराठी त्याला शाळेतच भेटते. 2011 च्या जनगणनेत गोंडी बोलणारे 29 लाखांहून अधिक होते, तरी ही भाषा आठव्या अनुसूचीत नाही, आणि तिच्यात मुलांसाठी छापलेली पुस्तके शोधावीच लागतात. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली, ती याच टोचणीतून. झाडीबोलीच्या मुलाचे दुखणे थोडे निराळे: त्याच्या तोंडी ‘ण’ आणि ‘ळ’ नाहीत. मोठ्याने वाचले की वर्ग हसतो, मग तो मोठ्याने वाचणे सोडतो, आणि हळूहळू वाचणेच.

तिसरे कारण अगदी कारकुनी आहे, म्हणून त्यावर कुणी निबंध लिहीत नाही. शाळेत पुस्तके असतात, पण कपाटात. ती साठा नोंदवहीत चढलेली असतात. बदली होताना शिक्षकाला ती मोजून द्यावी लागतात. फाटले, हरवले तर खिशातून भरपाईची धास्ती. 15 ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, पुस्तके बाहेर येतात, फोटो निघतो, आणि किल्ली पुन्हा कार्यालयात जाते. जी शाळा वापराने खराब झालेली पुस्तके दरवर्षी ठराव करून नोंदवहीतून कमी करते, तिथे शिक्षक कपाट उघडे ठेवायला भीत नाही. अशा एका शाळेत मी गेलो होतो. देवघेवीच्या वहीत मुलांच्याच अक्षरांतल्या नोंदी होत्या, आणि सर्वांत जास्त फाटलेले पुस्तक भुतांच्या गोष्टींचे होते.