चोपण जमिनीस चुना नको, जिप्सम हवे

पावसाचे पाणी शेतात आठ आठ दिवस साचून राहते, वाफसा लवकर येत नाही आणि एकदा जमीन वाळली म्हणजे नांगरास दगडासारखी ढेकळे लागतात, अशी तक्रार नीरा, प्रवरा आदी कालव्यांखालील बागाइतदारांकडून वारंवार ऐकू येते. अशा जमिनीस आपल्याकडे चोपण म्हणतात. तिच्यावर उपाय म्हणून कित्येक जण चुना आणून टाकतात. कोकणातील तांबड्या जमिनीस चुना मानवतो, हे त्यांनी ऐकलेले असते. परंतु काळ्या चोपण जमिनीत त्याने काहीच साधत नाही. पैसा व श्रम दोन्ही व्यर्थ जातात. असे का व्हावे, हे समजण्यास थोडे रसायनशास्त्र पाहणे अवश्य आहे.

लिंबू, चिंच व ताक यांना आंबटपणा येतो तो त्यांतील आम्लांमुळे. धुण्याचा सोडा, पापडखार, भिजविलेला चुना हे पदार्थ याच्या उलट गुणाचे, म्हणजे अल्कधर्मी होत. त्यांचे पाणी बोटांस बुळबुळीत लागते. हळदीचा डाग साबण लागताच तांबडा होतो, तोही अल्काच्याच योगाने. आम्ल व अल्क एकत्र आले असता एकमेकांचा गुण मारतात. जमिनीचा हा गुण सामूच्या अंकाने मोजतात. सामू ७ असल्यास जमीन उदासीन, त्याहून कमी असल्यास आम्लधर्मी व अधिक असल्यास अल्कधर्मी समजावी.

आता कार्बोनेटांकडे वळू. आपल्या काळ्या जमिनीत चुनखडीचे पांढरे खडे सर्वत्र आढळतात. असा खडा फोडून त्यावर लिंबू पिळावे. बारीक बुडबुडे येऊ लागतात. आम्लाने कार्बोनेटाचे विघटन होऊन सुटणारा हा कर्बवायू होय. चुनखडी हे कॅल्शियमचे कार्बोनेट, तर धुण्याचा सोडा हे सोडियमचे. नावे सारखी असली तरी दोहोंत मोठा भेद आहे. एक लिटर शुद्ध पाण्यात सोडा दोनशे ग्रॅमहून अधिक विरघळतो, चुनखडी मात्र जेमतेम पंधरा मिलिग्रॅम. म्हणून नुसत्या चुनखडीने जमिनीचा सामू सहसा साडेआठाच्या वर चढत नाही. सोडियम कार्बोनेट साठले की तो नऊ, प्रसंगी दहापर्यंतही जातो.

खरे नुकसान होते ते मातीच्या सूक्ष्म कणांचे. कणांवर कॅल्शियम असेल तर ते एकत्र येऊन रवाळ राहतात आणि त्यांच्यामधून पाणी व हवा खेळते. कॅल्शियमची जागा सोडियमने घेतली की कण सुटे होऊन पाण्यात पसरतात व जमिनीची छिद्रे बुजवितात. यास्तव या कणांना कॅल्शियम पुन्हा मिळवून देणे, हाच चोपण जमिनीचा खरा उपचार.

मग चुन्यातही कॅल्शियम आहेच की, असे कोणी म्हणेल. आहे, पण चुना मुळात अल्क, आणि जमिनीतील कर्बवायूशी संयोग होताच त्याची चुनखडी बनते. चुनखडी तर शेतात आधीच भरपूर पडलेली असते आणि न विरघळल्यामुळे निरुपयोगी ठरते. कोकणातील जमीन आम्लधर्मी असल्याने तेथे चुना विरघळतो व आम्लता मारतो. दोन्हीकडचा रोगच परस्परविरुद्ध आहे.

जिप्सम हे गंधकाम्लापासून झालेला कॅल्शियमचा क्षार. एक लिटर पाण्यात ते सुमारे अडीच ग्रॅम विरघळते. त्यातील कॅल्शियम कणांवरील सोडियमला हुसकावून लावते. सोडियम कार्बोनेटाची गाठ पडली तर त्याची चुनखडी होते. दोन्ही प्रकारे सोडियम सल्फेट तयार होते आणि ते पाण्याबरोबर वाहून जाऊ शकते. चुनखडीयुक्त जमिनीत गंधकही चालते. जमिनीतील जंतू त्याचे गंधकाम्ल करतात व ते आम्ल तेथल्याच चुनखडीपासून जिप्सम बनविते. शुद्ध गंधकाचा एक किलो सुमारे साडेपाच किलो शुद्ध जिप्समाचे काम करतो, परंतु त्यास ओल, ऊब व काही आठवड्यांचा अवधी लागतो. धैंचा गाडल्यानेही कर्बवायू वाढून थोडी चुनखडी विरघळते. मात्र एवढ्यावर विसंबून राहू नये.

निचऱ्याचे चर आधी खणावेत. चराविना टाकलेले जिप्सम म्हणजे निम्मे काम. सुटलेला सोडियम जागच्या जागीच राहतो. जिप्सम बारीक दळून वरच्या वीतभर थरातच मिसळावे, नंतर बांध घालून गोडे पाणी भरावे व ते मुरू द्यावे. जमीन खारी आहे की चोपण, हेही आधी ठरवून घ्यावे. उन्हाळ्यात पांढरा थर येणारी निव्वळ खारी जमीन नुसत्या पाण्याने धुतली तरी सुधारते. पण खार व सोडियम दोन्ही असलेली जमीन जिप्समाशिवाय धुतल्यास ती पक्की चोपण बनते.

जिप्सम किती टाकावे, हे माती तपासल्याखेरीज सांगता येत नाही. मातीबरोबर विहिरीच्या पाण्याचाही नमुना प्रयोगशाळेत द्यावा. पाण्यात सोडियमचे बायकार्बोनेट अधिक असेल, तर सुधारलेली जमीन त्याच पाण्याने काही वर्षांत पुन्हा चोपण होते.