साडीच्या दुकानात धुराचा हिशेब

लग्नाच्या खरेदीसाठी बंगळूरच्या चिकपेटमध्ये शिरलेली कुटुंबे पदराची जर पाहतात, सिल्क मार्क तपासतात आणि घासाघीस करतात. या साडीपायी हवेत किती कार्बन डायऑक्साइड गेला, हे कुणी विचारत नाही. विचारणार तरी कशाला? पण हाच प्रश्न आता मोठ्या कंपन्यांना विचारला जातो. 'सेबी'ने २०२२-२३ पासून शेअर बाजारातील पहिल्या १००० कंपन्यांना 'बीआरएसआर' हा अहवाल सक्तीचा केला आहे. त्यात नफ्यातोट्याबरोबर धुराचाही जमाखर्च मांडावा लागतो.

हे मोजतात कसे? धुराड्याला मीटर लावून, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात बहुतेक काम पावत्या आणि गुणाकाराचे आहे. २००१ मध्ये निघालेल्या 'ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉल'ने त्याचे तीन कप्पे पाडले आहेत.

चिकपेटमधले एखादे कल्पित दुकान घ्या. जनरेटरमध्ये ५० लिटर डिझेल जळले. एका लिटरमागे सुमारे २.७ किलो, म्हणजे १३५ किलो कार्बन डायऑक्साइड. स्वतःच्या जागेत झालेले हे उत्सर्जन पहिल्या कप्प्यात जाते. महिन्याला २००० युनिट वीज लागली, तर युनिटमागे साधारण ०.७ किलो धरून १४०० किलो होतात. धूर निघाला दूरच्या औष्णिक केंद्रात, पण वीज वापरली दुकानाने, म्हणून दुसरा कप्पा.

आता गंमत पाहा. जुन्या एसीतून आर-२२ हा गॅस किलोभर गळला, तर तो एकटाच पावणेदोन टन कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचा ठरतो. महिन्याच्या विजेपेक्षा जास्त! मेकॅनिक 'गॅस भरला' म्हणून पावती देतो, मालक पैसे देतो आणि विषय संपतो.

तिसरा कप्पा खरा डोकेदुखीचा. रामनगरमध्ये कोष उकळण्यासाठी लागलेले जळण, रंगाईचे गरम पाणी, सुरतेची जर, मालवाहतूक, गिऱ्हाइकाचे ड्रायक्लीनिंग, सगळे त्यात. लाकडाच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड तर पुन्हा वेगळ्या रकान्यात दाखवायचा असतो. ही माहिती देणार कोण? म्हणूनच कंपन्या पहिले दोन कप्पे ठसठशीत मांडतात आणि तिसऱ्यात अंदाजावर भागवतात. 'बीआरएसआर'मध्येही तिसरा कप्पा ऐच्छिक आहे.

बंगळूरच्याच इन्फोसिसने २०२० मध्ये आपण 'कार्बन न्यूट्रल' झाल्याचे जाहीर केले. सौर वीज आणि विजेची बचत यांच्या जोडीला खेड्यांतील बायोगॅस व सुधारित चुलींतून टळलेला धूरही त्यांनी हिशेबात धरला. अशी वजाबाकी वाचताना स्वतःचा धूर किती घटला आणि दुसऱ्याचा किती वळता केला, हे वेगवेगळे पाहिलेले बरे.

मग चिकपेटच्या व्यापाऱ्याने घाबरावे का? तूर्त नाही. सुरुवातीला पुरवठादारांची माहितीही मोठ्या कंपन्यांकडून मागितली जाणार होती. डिसेंबर २०२४ मध्ये 'सेबी'ने ती ऐच्छिक केली, आणि तीही कंपनीच्या खरेदी-विक्रीत किमान दोन टक्के वाटा असलेल्यांपुरती. दिवाळीला कंपनीला साड्या पुरवणारा दुकानदार त्यात क्वचितच बसेल. परदेशी गिऱ्हाइकांना माल पाठवणाऱ्यांना मात्र हा प्रश्न आधी ऐकावा लागेल. वीजबिले, डिझेलच्या पावत्या आणि एसी मेकॅनिकच्या चिठ्ठ्या एका फायलीत लावायला त्यांनी आतापासूनच सुरुवात करायला हरकत नाही.