न बोलता बोलणारी झाकणं

भांड्याला भांडं लागायचंच, असं आपण सहज म्हणून जातो. पण लागल्यावर बाईनं करायचं काय? कुणी अबोला धरते, कुणी आदळआपट करते, कुणी ‘लेकी बोले सुने लागे’ हा मार्ग पत्करते. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या वोयो जमातीतल्या बायकांची तऱ्हा मात्र न्यारी होती. मनातला सल त्या नवऱ्याच्या जेवणावर झाकून पाठवत!

काँगो नदीच्या मुखाच्या उत्तरेला काबिंडा नावाचा चिमुकला प्रदेश आहे. आज तो अंगोला देशात मोडतो. १९७५ पर्यंत तिथं पोर्तुगीजांचं राज्य होतं. हो, १९६१ पर्यंत आपल्या गोव्यावर राज्य करणारे तेच पोर्तुगीज. वोयो लोकांची मूळ वस्ती या काबिंडात आणि शेजारच्या काँगोत.

पानाऐवजी झाकण

वोयो पुरुषमंडळी एकत्र जेवायला बसत. बायको रांधून मातीच्या भांड्यातून अन्न पाठवी. वर एरवी साधं पान झाकलेलं असे. पण काही बिनसलं असेल, तर त्या दिवशी पानाऐवजी कोरीव लाकडी झाकण येई. गोल, बेताच्या ताटलीएवढं. त्यावर कुठं पक्षी, कुठं शंख, कुठं माणसाची आकृती. यातली चित्रं म्हणजे म्हणी होत्या.

झाकण दिसलं, की पंगतीतल्या साऱ्यांना कळे, आज घरात काहीतरी धुमसतंय. मग नवऱ्याला गप्प राहून घास गिळायची सोय नसे. म्हणीचा अर्थ निघे, कारण विचारलं जाई, चार शहाणे सल्ला देत. बाईनं ना आवाज चढवला, ना नवऱ्याला उपाशी ठेवलं. पण तक्रार मात्र चारचौघांत पोचली. वोयो समाजात मुलं आईच्या कुळाची मानली जात, हेही लक्षात घ्यायला हवं. बाईच्या शब्दामागं तिचं माहेर उभं असे.

लेक सासरी निघाली, की आई तिला अशी काही झाकणं बरोबर देई. पुढं एखादी नेमकी म्हण हवी असेल, तर कारागिराकडून नवं झाकणही कोरून घेता येई.

एका झाकणावर चुलीचे तीन दगड आणि त्यावर भांडं आहे. याचा अर्थ तुम्हां-आम्हांला वेगळा सांगायला नको. दोन दगडांवर भांडं कधी तोललंय का? पण सगळीच चित्रं अशी चटकन उमगत नाहीत. वळणदार शंखाला तिकडं ‘झिंगा’ म्हणतात, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ ‘दीर्घकाळ जगणं’ असा आहे. भाषा येत नसेल, तर आपल्याला दिसणार नुसता शंख.

पाद्र्यांनी लिहून ठेवलं

म्हणूनच फादर जुझे मार्टिन्स वाझ यांच्या कामाचं मोल वाटतं. होली घोस्ट संघाच्या मिशनऱ्यांनी १८७३ साली काबिंडातल्या लांडाना इथं ठाणं उभारलं होतं. फादर वाझ त्याच संघाचे. काबिंडाच्या लोकांचं जीवनविषयक तत्त्वज्ञान त्यांनी शोधलं ते या भांड्यांच्या झाकणांत, म्हणींत, कोड्यांत आणि प्राण्यांच्या गोष्टींत. १९६९-७० मध्ये त्यांचा दोन खंडांचा पोर्तुगीज ग्रंथ लिस्बनला निघाला. त्याआधी १९६८ साली फादर जुआकिम मार्टिन्स यांचंही काबिंडाच्या चिन्हांवर आणि म्हणींवर पुस्तक आलं होतं.

ही गोष्ट साधी नव्हती. याच काँगोच्या खोऱ्यात पूर्वी कितीतरी मिशनऱ्यांनी लोकांच्या पूज्य मूर्ती सैतानाच्या म्हणून जाळायला लावल्या, काही युरोपला धाडल्या. राज्यही परक्यांचंच. अशा ठिकाणी धर्म शिकवायला आलेल्यांनी स्वयंपाकघरातली भाषा शिकावी आणि तिला तत्त्वज्ञान म्हणावं, याचं कौतुक करायला हवं.

पण मनात एक रुखरुखही राहते. आज अशी झाकणं लिस्बनच्या मानववंश संग्रहालयात आहेत, बेल्जियममधल्या टेर्वुरेनच्या संग्रहालयातही आहेत. खालचं भांडं नाही, गरम जेवण नाही, समोर ओशाळलेला नवरा नाही. पुस्तकानं म्हण सांगितली. पण ते झाकण कुणी पाठवलं, त्या दिवशी तिच्या घरात काय घडलं होतं, आणि तिचं ऐकलं गेलं का, हे नुसतं लाकूड कसं सांगणार?

तेव्हा मैत्रिणींनो, एक काम जरूर करा. माळ्यावर आजेसासूबाईंचा एखादा डबा, आईची एखादी पळी असेलच. ती नुसती घासूनपुसून ठेवू नका. ती कुणाची, कुठून आली, ती वापरताना त्या काय म्हणायच्या, हे एका वहीत लिहून ठेवा. सांगणारं माणूस घरात आहे, तोवरच विचारा.