फटफटीचा आवाज आणि स्पोर्ट्‌स कारचा सूर

पुणे-सोलापूर महामार्गावरील पाटस गावी एक छोटी गंमत करून पाहण्यासारखी आहे. टोलनाक्याजवळ, रस्त्यापासून सुरक्षित अंतरावर डोळे मिटून उभे राहा आणि जाणाऱ्या वाहनांचे आवाज ऐका. थोड्याच वेळात तुम्हाला डोळे न उघडता सांगता येईल, की हा मालमोटारीचा आवाज, हा ट्रॅक्टरचा, ही मोटार आणि ही फटफटी! फटफटीला तर आपल्या लोकांनी नावच तिच्या आवाजावरून दिले आहे.

एंजिने तर सगळी इंधनच जाळतात. मग प्रत्येकाचा आवाज वेगळा का? आणि ‘गाडीचा आवाज भारी करायचा’ म्हणून काही तरुण थोड्या पैशांत पुंगळी, म्हणजे सायलेन्सर, बदलून घेतात, तेव्हा आवाज खरोखर सुधारतो का?

फटफट येते कोठून?

एंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवा आणि इंधन यांचे मिश्रण पेटते व दट्ट्या खाली ढकलला जातो. काम झाल्यावर निष्कास झडप उघडते. त्या क्षणी आतील तप्त वायूचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा बराच जास्त असतो. त्यामुळे वायू झटक्याने नळीत शिरतो आणि दाबाची एक लहर नळीतून धावत सुटते. ही लहर म्हणजेच आपण ऐकतो ती एक ‘फट’.

चार धावांच्या एंजिनात दर दोन फेऱ्यांना प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. आता हिशोब करू. एक सिलिंडरची मोटारसायकल उभ्या जागी मिनिटाला १००० फेऱ्या करीत असेल, तर मिनिटाला ५००, म्हणजे सेकंदाला सुमारे ८ ‘फट’ होतील. इतके ठोके कानाला सुटेसुटे ऐकू येतात. चार सिलिंडरच्या मोटारीत ९०० फेऱ्यांनाही सेकंदाला ३० ठोके पडतात. सेकंदाला सुमारे वीसपेक्षा जास्त ठोके झाले, की कान ते वेगळे काढू शकत नाही. ते एकमेकांत मिसळून सलग घुमणारा स्वर ऐकू येतो. म्हणून फटफटी फटफटते आणि मोटार गुणगुणते.

चार सिलिंडर आणि बारा सिलिंडर

२०१२ साली दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात मुंबईच्या डीसी डिझाइन या संस्थेने ‘अवंती’ ही दोन आसनांची स्पोर्ट्‌स कार मांडली. दिसायला ती परदेशी गाड्यांच्या तोडीची होती, पण तिचे एंजिन होते रेनॉ कंपनीचे दोन लिटरचे, चार सिलिंडरचे. बारा सिलिंडरच्या इटालियन गाडीसारखा आवाज तिला काढता आला असता का?

पुन्हा हिशोब मांडा. मिनिटाला ६००० फेऱ्यांना चार सिलिंडर सेकंदाला २०० ठोके देतात, तर बारा सिलिंडर ६०० देतात. २०० हर्ट्‌झ हा आपला षड्ज मानला, तर ४०० हर्ट्‌झला वरच्या सप्तकातील षड्ज येतो आणि ६०० हर्ट्‌झला त्याच सप्तकातील पंचम! तेव्हा त्याच वेगाला दोघांचा सूर एक असणे शक्य नाही. शिवाय अवंतीच्या एंजिनावर टर्बोचार्जर होता. निष्कास वायूने फिरणारे त्याचे चक्र दाबलहरींची बरीच ऊर्जा वाटेतच खाऊन टाकते.

मात्र मूळ स्वर म्हणजे सर्व काही नव्हे. मिरजेच्या कारागिराने तंबोऱ्याची जवारी लावली, की तीच तार तोच स्वर देते, पण अधिक झंकारते. कारण मूळ स्वराबरोबरचे उपस्वर खुलतात. गाडीचेही तसेच आहे. नळ्यांची लांबी, त्या कोठे जुळतात आणि पुंगळीत काय आहे यांवरून कोणते उपस्वर उरतील हे ठरते. २०१० साली उत्पादनात आलेल्या ‘लेक्सस एलएफए’ या जपानी गाडीचा आवाज जुळवण्यासाठी यामाहाच्या वाद्यनिर्मितीतील ध्वनितज्ज्ञांची मदत घेतली गेली होती.

पुंगळीच्या आत

पुंगळी म्हणजे नुसता पोकळ डबा नव्हे. तिच्यात लहानमोठे कप्पे व भोके पाडलेल्या नळ्या असतात. अरुंद नळीतून लहर रुंद कप्प्यात आली, की तिचा काही भाग उलट परावर्तित होतो. पुढे जाणाऱ्या आणि मागे येणाऱ्या लहरी एकमेकींना छेदतात. काही पुंगळ्यांत भोकांमागे काचतंतूंचा कापूस असतो. तो उंच स्वरांची ऊर्जा शोषून तिची उष्णता करतो.

आता ही पुंगळी काढली किंवा आतील जाळी कापली तर? आवाज मोठा होईल, पण सुरेल होणार नाही. ‘पुंगळीचा अडथळा गेला, की ताकद वाढते’ असे सांगितले जाते. पुंगळीने थोडा अडथळा होतो हे खरे. पण नळीच्या टोकाकडून परतणारी लहर योग्य वेळी झडपेपाशी पोचली, तर उरलेला वायू बाहेर ओढण्यास ती मदतच करते. एंजिन बनवणारे नळीची लांबी हा मेळ पाहूनच ठरवतात. तो बिघडला, तर नेहमीच्या वेगांना गाडीची ओढ उलट कमी होऊ शकते. आणि ‘फटाके’ फोडणारी पुंगळी? तिथे न जळलेले इंधन तापलेल्या नळीत पेटत असते. ते ताकदीचे लक्षण नसून वाया गेलेले पेट्रोल आहे.

डेसिबलचा हिशोब

भारतात नव्या वाहनाचा आवाज त्याच्या मार्गापासून ७.५ मीटरवर मोजतात. १७५ घनसेंटिमीटरहून मोठ्या मोटारसायकलींसाठी २००५ साली ८० डेसिबलची मर्यादा लागू झाली. वाहनांच्या अशा चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था आपल्या पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. तिची स्थापना १९६६ साली झाली.

समजा, पुंगळी बदलल्याने ८० चे १०० डेसिबल झाले. वाढ वीसचीच दिसते, पण दर १० डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट होते. म्हणजे येथे ती शंभरपट झाली! अंतर दुप्पट झाले, की सुमारे ६ डेसिबल कमी होतात. म्हणून ६० मीटरवरच्या वर्गातील खिडकीशीही हा आवाज ८२ डेसिबलच्या आसपास पोचेल. जाहीर केलेल्या शांतता क्षेत्रात, म्हणजे शाळा-रुग्णालयांभोवतीच्या १०० मीटरांत, दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे. चालवणाऱ्याचे कानही सुटत नाहीत. ८५ डेसिबलला आठ तास ही कानांसाठी सुरक्षित मर्यादा धरली, तर १०० डेसिबलला ती अवघी १५ मिनिटे उरते. एकदा मेलेल्या कानातील संवेदक पेशी पुन्हा उगवत नाहीत. म्हणूनच अशी गाडी रस्त्यावर आणणे हा गुन्हा आहे. राज्यातील अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेल्या पुंगळ्यांवरून रोडरोलर फिरवला आहे.

मग थोड्या खर्चात काय करावे?

पहिला उपाय दुरुस्तीचा. नळीच्या जोडातील गॅस्केट फाटले असेल, पट्टी सैल असेल किंवा पुंगळी गंजून तिला भोक पडले असेल, तर आवाज फाटका येतो. नळी टांगणारी रबरे झिजली, तर ती पत्र्यावर आपटून खडखडते. ही कामे फारशी खर्चाची नाहीत, आणि बहुतेक ‘बिघडलेले’ आवाज त्यांनीच सुधारतात.

दुसरा उपाय एंजिन बनवणारे वापरतात. चार सिलिंडरच्या गाडीत ३००० फेऱ्यांना १०० हर्ट्‌झचा घुमारा डोके उठवतो. यावर मुख्य नळीला एक आडनळी जोडतात. तिचे दुसरे टोक बंद असते. सुमारे ४०० अंश सेल्सिअस तापलेल्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ५२० मीटर असतो; म्हणून १०० हर्ट्‌झची तरंगलांबी झाली ५.२ मीटर. आडनळी तिच्या पाव, म्हणजे १.३ मीटर ठेवली, की आत जाऊन परतणारी लहर बरोबर अर्धी तरंगलांबी उशिरा येते. शिखरावर दरी येते आणि घुमारा विरतो. बाकीचे स्वर मात्र राहतात. अशा गाडीचा आवाज नुसता कमी होत नाही, तो स्वच्छ होतो.

करून पाहा

हा प्रयोग गाडीवर नव्हे, शाळेत करा. नळकामाचा एक ‘टी’ जोड आणि त्याच जाडीच्या प्लास्टिक नळीचे तीन तुकडे घ्या. दोन आडवे जोडा. तिसरा सुमारे ४० सेंटिमीटरचा तुकडा खाली लोंबता ठेवून पाण्याच्या खोल बादलीत बुडवा. आडव्या नळीच्या एका टोकाशी मोबाइलवर ५०० हर्ट्‌झचा स्वर हळू आवाजात वाजवा आणि दुसऱ्या टोकाशी ऐका. आता बादली वरखाली करा. जोडापासून पाण्यापर्यंतची हवा सुमारे १७ सेंटिमीटर झाली, की स्वर एकदम मंदावेल. ३४ सेंटिमीटरला तो पुन्हा वाढेल. असे का, ते ध्वनीचा वेग ३४० मीटर प्रतिसेकंद धरून तुम्हीच काढा.

नंतर पुन्हा रस्त्याकडे कान द्या. कोणती गाडी नुसती ओरडते आणि कोणती सुरात चालते, हे आता तुम्हाला डोळे मिटूनही कळेल.