रक्त जास्त, प्राणवायू थोडा

वृत्तपत्रांतून मेंदूची रंगीत चित्रे छापून येतात. माणूस बोलत असता हा भाग उजळला, गणित करताना तो उजळला, असे खाली लिहिलेले असते. असे चित्र प्रथम पाहिले तेव्हा विचारच पकडला गेला, असे मला वाटले होते. प्रत्यक्षात यंत्राला विचार दिसत नाही. दिसतो तो रक्तातील फरक, आणि तोही आपल्या अपेक्षेच्या उलट.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे 2 टक्के. पण विश्रांतीतही शरीराच्या प्राणवायूपैकी सुमारे 20 टक्के त्यालाच लागतो. साठा जवळजवळ नाही, म्हणून रक्त अखंड यावे लागते. आता साधा तर्क असा, की मेंदूचा एखादा भाग कामाला लागला म्हणजे तेथील प्राणवायू संपत जाणार आणि परतणारे रक्त अधिक काळपट होणार. 1986 साली अमेरिकेत फॉक्स व रायकल या शास्त्रज्ञांनी माणसांच्या बोटांना कंप देऊन मोजमाप केले. मेंदूच्या संबंधित भागात रक्ताचा ओघ सुमारे 29 टक्क्यांनी वाढला. प्राणवायूचा खर्च मात्र अवघा 5 टक्क्यांनी!

घरी पाहुणे आले की आई घाईघाईने भाकऱ्या थापते. खाल्ल्या जातात चार जास्तीच्या, थापलेल्या असतात वीस. जेवणे आटोपल्यावर दुरडी रोजच्यापेक्षा भरलेलीच. मेंदूचेही तसेच. इतका जादा पुरवठा कशासाठी, यावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही.

ही भरलेली दुरडीच यंत्र टिपते. प्राणवायू सोडून दिलेले हिमोग्लोबिन चुंबकाकडे किंचित ओढले जाते, प्राणवायू धरलेले ओढले जात नाही, हे लायनस पॉलिंग व कोरियेल यांनी 1936 मध्ये दाखवले होते. 1990 मध्ये सेइजी ओगावा यांनी उंदरांच्या मेंदूची चित्रे घेताना त्याचा उपयोग केला. रिकामे हिमोग्लोबिन यंत्राकडे येणारा संदेश मंद करते. ताज्या रक्ताचा लोंढा आला की ते पुढे वाहून जाते आणि चित्र उजळते.

याच पॉलिंग यांनी सहकाऱ्यांसह 1949 मध्ये दाखवून दिले, की सिकलसेल हा हिमोग्लोबिनच्या रेणूतील दोष आहे. अक्कलकुवा, धडगाव, तळोद्याकडच्या वाचकांना हा शब्द समजावून सांगायला नको. आई व वडील दोघांकडूनही दोष आला तर मूल आजारी पडते. एकाकडूनच आला तर ते वाहक, त्याला सहसा त्रास नसतो. आजारी मुलाच्या तांबड्या पेशी प्राणवायू सोडताच विळ्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकतात, लवकर फुटतात. रक्त कायमच कमी.

म्हणजे या घरी भाकरीच अर्ध्या आकाराची. रोजच्या जेवणालाच चूल भडकवून ठेवावी लागते. मेंदू विश्रांतीतही रक्ताचा ओघ वाढवून तूट भरून काढतो; मग ताप आला, गरज वाढली, तर आणखी वाढवायला जागा थोडी उरते. त्यातून लहान वयात पक्षाघात होऊ शकतो. कधी बाहेरून काहीच दिसत नाही, पण मेंदूचा बारीकसा भाग मरतो आणि मुलगा अभ्यासात मागे पडू लागतो. आपण त्याला आळशी म्हणून मोकळे होतो.

अशा मुलाचे ते रंगीत चित्र फिके येऊ शकते. त्यावरून त्याचा मेंदू कमी काम करतो, असे म्हणता येत नाही. दुरडीतील फरकच लहान असतो.

धोका ओळखायला मात्र एवढे मोठे यंत्र लागत नाही. कानशिलावर लहानसे उपकरण टेकवून ध्वनिलहरींनी मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताचा वेग मोजतात. तो सेकंदाला 200 सेंटिमीटर किंवा अधिक भरला तर पक्षाघाताचा धोका मोठा समजतात. अशा मुलांना नियमित रक्त दिल्यास हा धोका पुष्कळच कमी होतो, हे 1998 मध्ये अमेरिकेतील पाहणीत दिसून आले. तपासणी दुखत नाही, सुई टोचावी लागत नाही, आणि दोन वर्षांच्या मुलापासून ती करता येते.