चांदी अस्वलाची नोंद
१९७० साली नागझिरा अभयारण्य जाहीर झालं तेव्हा गोंदिया हा वेगळा जिल्हा नव्हता, सगळा भंडाराच होता. तिथल्या सस्तन प्राण्यांच्या यादीत एक नाव हमखास असतं, चांदी अस्वल, म्हणजे रॅटेल. अस्वलाशी नातं नाही, कूळ पाणमांजराचं. पाठ राखाडी-पांढरी, पोट-पाय काळेकुट्ट आणि पुढच्या पंजांना लांबलचक नखं. मसन्याऊद म्हटलं की कुणाला हा आठवतो, कुणाला उदमांजर. मढी उकरतो हा आळ मात्र त्याच्यावर जुनाच. नावाचाच असा घोळ, मग मेल्याची मोजदाद कोण ठेवणार?

१९७२च्या कायद्याने त्याला वाघाच्याच, पहिल्या अनुसूचीत बसवलं. कागदावर मान मोठा. २०१३ साली कोका अभयारण्य झालं, त्याच वर्षी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पही. पण जंगलाचे हे तुकडे जोडणारी वाट रस्त्यांनी आणि शेतांनी अडवलेली. लाखनी-साकोलीवरून जाणारा जुना सहा नंबरचा, आताचा ५३ क्रमांकाचा महामार्ग रुंद होत गेला, रात्रीचे ट्रक वाढले. बुटक्या पायांच्या, रात्रीच फिरणाऱ्या जनावराला तो ओलांडणं सोपं नाही.

त्याहून वाईट धानाच्या बांध्यांमधली तार. रानडुकरं एका रात्रीत उभं पीक लोळवतात, शेतकऱ्याची चीड खोटी नाही. मग वरच्या लाइनवर आकडा टाकायचा, खुंट्या ठोकायच्या आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर उघडी तार ओढायची. खाली ओल असतेच. चांदी अस्वलाची कातडी इतकी जाड आणि सैल की मानगूट धरली तरी ते आतल्या आत वळून चावतं, मधमाश्यांना तर जुमानतच नाही. करंटपुढे त्या कातडीचं काय चालणार! तार डुकरासाठी असते, पण रात्री उंदीर-खेकडे हुडकत धुऱ्याने येणारं हेच असतं.

एप्रिल २०१७ मध्ये जय वाघाचा बछडा श्रीनिवास शेजारच्या नागभीड तालुक्यात अशाच तारेवर गेला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती. ती सापडली, शोध लागला आणि शेतात पुरलेला वाघ उकरून काढला गेला. चांदी अस्वलाच्या गळ्यात काही नसतं. त्याला हातभर खड्डा पुरतो. उजाडायच्या आत तार गुंडाळून माणूस घरी, आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच जागेवर चिखलणी.