पिसाचा मनोरा आणि मऊ माती

शाळेच्या पुस्तकात समतोलाचे तीन प्रकार शंकूच्या तीन चित्रांत उरकलेले असतात. तळावर उभा शंकू जरा कलवून सोडला की पूर्ववत होतो, तो स्थिर समतोल. टोकावर उभा केलेला फुंकरीनेही पडतो, तो अस्थिर. आडवा पडलेला गडगडवला तर थांबेल तिथेच राहतो, तो उदासीन. जोडीला एक नियम: गुरुत्वमध्यातून जाणारी उभी रेषा पायाच्या आत असेल, तोवर वस्तू पडत नाही. परीक्षेला एवढं पुरतं. पिसाच्या मनोऱ्याला पुरत नाही.

जानेवारी १९९० मध्ये हा मनोरा पर्यटकांना बंद झाला, तेव्हा तो साडेपाच अंश कलला होता. पायाचा व्यास साडेएकोणीस मीटरच्या आसपास आणि गुरुत्वमध्य ढळलेला सुमारे सव्वादोन मीटर. नियमानुसार मनोरा निर्धास्त. मग अभियंते का धास्तावले?

कारण नियम जमीन टणक धरून चालतो आणि इथे खाली मऊ चिकणमाती आहे. गादीवर एकावर एक डबे रचून पाहा. ठरावीक उंचीनंतर हात कितीही सफाईदार असो, डबे कलंडतातच. कल किंचित वाढला की मनोऱ्याचं वजन त्याला आणखी पाडू पाहतं आणि दबलेली माती उलट रेटा देते. मातीचा रेटा जास्त वाढला तर समतोल स्थिर, वजनाची ओढ जास्त वाढली तर अस्थिर. दोन्ही सारखेच वाढले तर उदासीन, आणि मनोरा जवळजवळ तिथे पोचला होता. पुस्तकातला सर्वांत निरुपद्रवी प्रकार इथे सर्वांत धोक्याचा!

बांधकाम ११७३ मध्ये सुरू झालं, दोनदा बरीच वर्षं रखडलं, म्हणूनच तो वाचला. तेवढ्या काळात मातीतलं पाणी निघून ती घट्ट झाली. सलग बांधला असता तर तेव्हाच कोसळला असता.

कल दक्षिणेकडे होता, म्हणून तो रोखायला १९९३ पासून उत्तरेकडे शिशाची वजनं ठेवली गेली. १९९५ मध्ये जमीन गोठवून काम करताना मनोरा दक्षिणेकडे सरकू लागला; घाईने आणखी शिसं चढवावं लागलं. अखेर जमलेली युक्ती मला फार आवडते: मनोऱ्याला हात न लावता उत्तर बाजूच्या पायाखालून थोडी थोडी माती काढली. मनोरा हळूहळू तिकडे बसला, कल अर्ध्या अंशाने घटला आणि डिसेंबर २००१ मध्ये दारं पुन्हा उघडली. पूर्ण सरळ करण्याचा बेत कुणाचाच नव्हता; सरळ मनोरा पाहायला पिसाला कोण जाईल?